झाकलेलं ठिकाण उघडं पाडल्याबद्दल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, त्यांच्या शेजारी बसलेले ग्रंथपालसाहेब, ज्यांनी आपला वाचनकक्ष आज आपल्या गोंगाटासाठी उघडून दिला, उपाध्यक्ष, खजिनदार, गेली पंचवीस वर्षं आपल्या मंडळाचं चिटणीसपद सांभाळणाऱ्या आणि आता निरोप घेणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे असलेले आडवाट मंडळाचे सर्व सभासद,

गेल्या नोव्हेंबरच्या सतरा तारखेला, रविवारी, दुपारी बारा वाजून चाळीस मिनिटांनी माझ्यावर एक अन्याय झाला. तो करणारी व्यक्ती या क्षणी मांडीवर पुष्पगुच्छ घेऊन माझ्या डाव्या हाताला बसली आहे.

हसू नका. मी गंमत करत नाही आहे.

मी सगळी नोकरी न्यायालयात लघुलेखिका म्हणून केली. तिथे एक सवय लागते. आधी तारीख, मग वेळ, मग स्थळ, आणि त्यानंतर कोण काय म्हणालं ते. कोणी रडलं, कोणी टेबलावर हात आपटला, हे लिहायचं नसतं. त्यामुळे मी आज घडलं तेवढंच सांगेन. अध्यक्षांनी मला फोन करून दोन शब्द बोलायला सांगितलं. म्हणाले, "बाई, गोड बोला हं." मी म्हटलं, "मग दुसऱ्या कोणाला तरी सांगा ना." तर म्हणाले, "तुम्ही त्यांच्या सगळ्यांत जुन्या मैत्रीण." हा मुद्दा नोंदीत खरा आहे, म्हणून मी उभी आहे.

ग्रंथपालसाहेब आज पाहुणे आहेत. त्यांच्यासाठी आधी मंडळाविषयी थोडं सांगते. सगळे जिथे जातात तिथे आम्ही जात नाही. ज्या हॉटेलच्या दारात रांग असते, ज्या डोंगराच्या पायथ्याशी टोप्या विकणारे बसतात, ज्या बागेत फोटो काढण्यासाठी चौथरा बांधलेला असतो, ती ठिकाणं आम्ही इतरांसाठी सोडून दिली आहेत. महिन्यातून एकदा, दुसऱ्या शनिवारी, आम्ही कोणी न ऐकलेल्या जागी जातो. या मार्गाने आम्हाला काय काय मिळालं? न्हाव्याच्या दुकानामागची एक खोली मिळाली, जिथे आतल्या टेबलांपर्यंत पोहोचायला अर्धवट दाढी झालेल्या माणसांच्या खुर्च्यांमधून वाट काढावी लागते, आणि जिथलं कांद्याचं सूप पिऊन आपले खजिनदार पहिल्यांदा आणि शेवटचे गप्प बसले. कुलुपांचं एक संग्रहालय मिळालं. तिथे पोहोचलो तेव्हा संग्रहालयालाच कुलूप होतं आणि किल्ली घेऊन रखवालदार बहिणीकडे गेला होता. एक टेकडी मिळाली, जिच्यावरून म्हणे तीन नद्या दिसतात. आम्हाला दाट धुकं दिसलं. त्या धुक्यात बसून आम्ही उकडलेली अंडी खाल्ली, आणि आपल्या अध्यक्षांनी नद्या कुठे असतील ते बोट दाखवून समजावून सांगितलं. बोट कोणाला दिसलं नाही.

हे सगळं शोधायची पद्धत चिटणीसबाईंची. त्यांनी आम्हाला शिकवलं की पाटी पुसट आणि पडदे धुतलेले असतील तर आत जायचं. पाटी नवी आणि पडदे मळके असतील तर पुढे चालू लागायचं. या एका नियमावर पंचवीस वर्षांत आमचं पोट फारसं बिघडलेलं नाही. हे त्यांचं कर्तृत्व आहे आणि मी ते मोकळेपणाने मान्य करते. टाळ्या आत्ताच वाजवून घ्या, कारण पुढे संधी मिळेल की नाही सांगता येत नाही.

तर आता मुद्द्याकडे येते. मंडळाचा एक रिवाज आहे, आणि तो याच बाईंनी घालून दिला. प्रत्येक सभासदाला एक ठिकाण झाकून ठेवता येतं. एकच. बाकी जे जे सापडेल ते मंडळापुढे ठेवायचं, पण एक जागा आपली. ती फक्त चिटणीसाच्या कानात सांगायची, म्हणजे चुकून सहल तिथे निघणार नाही. कागदावर उतरवायची नाही, नवऱ्याला बायकोला सांगायची नाही. ज्या सभेत हे ठरलं तिथे मी होते. कोणीतरी विचारलं, "पण झाकायचं कशाला? चांगली जागा सगळ्यांना कळू दे की." तेव्हा या उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "माणसाला एक जागा अशी हवी, जिथे त्याची कोणी वाट पाहत नाही." फार सुंदर वाक्य होतं. मला ते इतकं पटलं की मी त्याप्रमाणे वागले.

माझं झाकलेलं ठिकाण कुठलं हे आता तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा वर्णन करायला हरकत नाही. नदीकाठच्या बसचा शेवटचा थांबा. तिथून उतारावरून खाली गेलं की जुना धक्का. पूल झाला आणि होडी बंद पडली, त्यामुळे तिथे आता कोणाचं काही काम नसतं. होडीच्या तिकीटघरामागे सहा टेबलांची खानावळ. मालकीण रांधते, तिचा नवरा वाढतो. तो इतकं कमी बोलतो की पहिले काही महिने मला तो मुका वाटला होता. मग एके दिवशी त्याने माझ्या कपाकडे बघून "गार झाला" म्हटलं आणि तो घेऊन गेला. मासा, भात, पावाचा तुकडा, लिंबू. बस्स. खिडकीपाशी दोन माणसांचं एक लहानसं टेबल आहे. मी दुसऱ्यांदा गेले त्या दिवशी मालकिणीने काही न विचारता समोरची खुर्ची उचलून आत नेली, म्हणजे दुसरं कोणी येऊन बसणार नाही. त्या दिवसापासून ते टेबल माझं झालं.

आता तुम्ही म्हणाल, बाई, एकटीने जेवायला इतक्या लांब कशाला जायचं? घरात गॅस नाही का? आहे. घरही चांगलं आहे, तिसऱ्या मजल्यावर, हवेशीर. सोमवार ते शनिवार मला त्या घराविषयी एका शब्दाची तक्रार नाही. बँक असते, दवाखाना असतो, दळण असतं, तुमचं मंडळ असतं. पण रविवारी अकरा वाजले की जिन्यातून लोक वर यायला लागतात. एकेका दाराशी थांबतात. बेल वाजते, "आलात का, या या" ऐकू येतं, दार बंद होतं. मग शेजारच्या भिंतीपलीकडे ताटं मांडल्याचा आवाज. भिंत पातळ आहे. किती ताटं मांडली ते मला उठून न बघता सांगता येतं. पहिली काही वर्षं मी रेडिओ मोठा करत असे. मग मी धक्का शोधला.

तिथे माझ्याविषयी कोणाला काही माहीत नव्हतं. मी कोणाची कोण, माझं कोणी आहे की नाही, हा प्रश्नच त्या जागेत नव्हता. मी नदी बघायची, मासा खायची, चारच्या बसने परत यायची. त्या खिडकीत बसून मला कधीही एकटं वाटलं नाही. हे मी शपथेवर सांगते.

अध्यक्ष महोदय, मी पाहिलं. घड्याळाकडे बघणं चालू राहू द्या, मीही चालू राहते.

तर सतरा नोव्हेंबर, बारा चाळीस. मी माशाचा पहिला घास तोंडाजवळ नेला आणि दार उघडलं. डोक्यावर कागदी टोप्या घातलेले तीस लोक आत आले. तीस! त्यातल्या काहींच्या हातात फुगे होते. फुगे घेऊन येणाऱ्यांपैकी दोघे आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि जमिनीकडे बघत आहेत. सगळ्यांनी मिळून वाढदिवसाचं गाणं म्हटलं, निदान चार वेगवेगळ्या पट्ट्यांत. आणि सगळ्यांच्या पुढे, केकचा खोका दोन्ही हातांवर धरून, आजच्या सत्कारमूर्ती.

"कशी पकडली!" त्या म्हणाल्या.

चोराला पकडावं तसं. शब्दशः.

मग काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. टेबलं जोडली. माझंही टेबल त्यात गेलं. मालकिणीकडचा मासा पंधरा मिनिटांत संपला, मग अंडी संपली, मग पाव संपला. तिचा तो न बोलणारा नवरा दोनदा धावत बाजारात जाऊन आला. अध्यक्षांनी भाषण केलं, ज्यात माझं वय दोनदा आलं. मी काय केलं? मी हसले. कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टरनी आम्हाला शिकवलं होतं की पाहुणा नको असला तरी दात दाखवायचे. मी दात दाखवत होते, आणि तेवढ्यात माझ्या मागे कोणीतरी मालकिणीला सांगत होतं, "बिचारी दर रविवारी एकटीच येते ना हो इथे? आम्हाला कळल्यावर इतकं वाईट वाटलं." कोण म्हणालं ते मी सांगणार नाही. आवाज मी ओळखते, आणि ज्यांचा आहे त्यांचं लोणचं मी अजूनही खाते.

मी तिथे वर्षानुवर्षं एक गिऱ्हाईक होते. त्या एका वाक्यात बिचारी झाले.

पण न्यायालयात नोंद दुरुस्त करायची सोय असते, आणि प्रामाणिकपणे मला ती करायला हवी. बारा चाळीस ही वेळ मी माझ्या तक्रारीत लिहिली आहे. खरा अन्याय बारा चाळीसला झाला नाही. तो चार वाजता झाला.

चार वाजता तुम्ही सगळे निघालात. भाड्याची बस उताराच्या वर उभी होती. तिच्यात किती जागा? तीस. आलेले किती? तीस. मीही तुमच्याबरोबर वर चढले, पिशवीत उरलेला केक होता, आणि पायरीवर पाय ठेवल्यावर ड्रायव्हर म्हणाला, "बाई, फुल्ल आहे." तुम्ही केक मोजून आणलात, टोप्या मोजून आणल्यात, माझ्यासाठीसुद्धा एक टोपी आणलीत. जिच्यासाठी आलात तिला परत न्यायचं आहे हे तीस जणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

मला माहीत आहे, लगेच सगळे उठलात. "या, माझ्या जागेवर बसा." "मी उभा राहतो." "जरा सरका हो, चिकटून बसू." चिटणीसबाई तर खाली उतरायलाच निघाल्या होत्या. त्यांना मी म्हटलं, "बस ना तू. माझी चारची बस आहे, माझं ठरलेलं असतं." आणि त्या बसल्या. कारण मी खोटं इतकं चांगलं बोलते की मला शाळेत त्याबद्दल कधी शिक्षासुद्धा झाली नाही. चारची बस तेव्हाच सुटून गेली होती.

तुम्ही खिडक्यांतून हात हलवलेत. मीही हलवला. डोक्यावर टोपी होती. बस वळणापलीकडे गेली आणि मी मागे वळले, तर मालकीण खानावळीच्या दारात उभी. तिने सगळं पाहिलं होतं. ती मला म्हणाली, "बाई, आत बसा ना. पुढची बस यायला वेळ आहे."

त्या क्षणापर्यंत तिने मला कधी "आत बसा ना" म्हटलं नव्हतं. मी आपली आत जाऊन बसत होते.

पुढच्या रविवारी मी गेले. जाणारच होते, तुमच्या मूर्खपणापुढे मी का हार मानायची? दार उघडलं तर मधोमध तीन टेबलं जोडलेली, वर पांढरी चादर, पेल्यात दोन फुलं. मालकीण पदराला हात पुसत बाहेर आली आणि माझ्या मागे बघायला लागली.

"मंडळी मागाहून येतायत का?"

"कोणती मंडळी?"

"तुमची हो. त्या दिवशीची. म्हटलं, आता येत जातील. मासे जास्त आणून ठेवलेत मी."

"नाही, मी एकटीच आहे."

"असं होय," ती म्हणाली. मग अगदी हळू आवाजात, "काही हरकत नाही हं, बाई."

काही हरकत नाही! इतकी वर्षं हरकत कोणाची होती? मी त्या लांबलचक चादरीच्या एका टोकाला बसून तीन माणसांचा मासा खाल्ला, कारण तिने तो आणला होता. त्याच्या पुढच्या रविवारी तिने टेबलं जोडली नव्हती. त्याहून वाईट केलं. ती स्वतः खुर्ची घेऊन माझ्यासमोर सोबतीला बसली. हात मांडीत घेऊन. ती माझ्या ताटाकडे बघत होती, मी खिडकीकडे. आत पातेल्यात काहीतरी करपत होतं, ते दोघींनाही कळत होतं, पण मला सोडून उठणं तिला बरं दिसेना. शेवटी तिने विचारलं, "मुलं नाहीत का तुम्हाला?" बाई फार चांगली आहे. म्हणूनच मला तिथे परत जाता आलं नाही.

मग मी इतरत्र जाऊन पाहिलं. मी आडवाट मंडळाची सभासद आहे, जागा शोधणं मला येतं. पण तुम्ही कधी एकट्याने नव्या ठिकाणी जेवायला गेला आहात का? दारातच विचारतात, "किती जण?" मी म्हणते, "एक." तो म्हणतो, "फक्त एक?" हा "फक्त" त्याला कोणी शिकवला? दोन माणसं आली तर तो "फक्त दोन" म्हणतो का? मग मोरीशेजारचं टेबल. मग कोणीतरी येऊन विचारतं, "ही खुर्ची घेऊ का? कोणी येणार नाहीये ना?" एका ठिकाणी तर पडदे धुतलेले होते, पाटी पुसट होती, सगळं नियमाप्रमाणे होतं. आणि वेटर म्हणाला, "रविवारी एकाला टेबल देत नाही, फॅमिली असते." मी त्याला म्हटलं, "मुला, फॅमिलीत कधीतरी एकच माणूस उरतो, तेव्हा तुझ्या मालकाला विचार काय करायचं ते." तो म्हणाला, "मॅडम, सोमवारी या."

गेले दोन महिने मी रविवारी घरी आहे. रेडिओ परत मोठा केला आहे.

आता आरोपीची बाजू. ती ऐकल्याशिवाय न्याय होत नाही. तुम्ही यांना चिटणीसबाई म्हणता. शाळेत आम्ही यांना घाई म्हणायचो, आणि मला कात्री म्हणत, का ते विचारू नका. घाई आणि कात्री एका बाकावर. ही माझा डबा उघडून वर्गातल्या मुलींना वाटून टाकायची. मला न विचारता. माझा! एकदा सिस्टरनी पकडलं तेव्हा ही काय म्हणाली असेल? "सिस्टर, ती एकटी खाते, मला बघवत नाही." सिस्टर म्हणाल्या, "मग तिच्याशेजारी बसून तुझा खा." मी तेव्हा आठ वर्षांची होते आणि मला वाटलं, चला, हा विषय संपला. साठ वर्षं होऊन गेली, अजून चालूच आहे.

सतरा तारखेनंतर मी यांना रीतसर लेखी तक्रार पाठवली. उत्तर म्हणून संत्र्याच्या मुरंब्याची बरणी आली. मी दुसरी तक्रार पाठवली. त्यावर फोन आला. संभाषण जसंच्या तसं सांगते, लघुलिपी अजून विसरलेले नाही.

"अगं, किती चिडशील? वाढदिवस होता तुझा."

"मी वाढदिवस मोजत नाही."

"सत्तरावा होता. मी मोजते."

"तू शब्द मोडलास. झाकलेलं ठिकाण उघडं पाडलंस. नियम कोणी केला होता?"

"मी केला होता. माहितीये मला."

"मग?"

मग तिचा आवाज हळू झाला. घाई हळू बोलायला लागली म्हणजे काहीतरी आहे हे मला शाळेपासून माहीत आहे.

"मी मुलाकडे जातेय," ती म्हणाली. "कायमची. त्याने खोली तयार ठेवलीये. तुला सांगायला तोंड होत नव्हतं. आणि डोक्यात सारखं यायला लागलं, की मी गेल्यावर तू तिथे त्या खिडकीत बसशील, आणि त्या लोकांना वाटेल हिचं कोणीच नाही. म्हटलं, एकदा दाखवून द्यावं त्यांना. हिची माणसं आहेत म्हणून."

मी फोन ठेवला. नोंदीत एवढंच आहे.

तेव्हा जे सुचलं नाही ते मी आज साक्षीदारांसमोर सांगते. चिटणीसबाई, त्या लोकांना तसं काही वाटत नव्हतं. माझं कोणी आहे की नाही याचा विचार धक्क्यावर फक्त तीन रविवारी झाला: तुम्ही तीस जण आलात त्या, आणि तुम्ही नाही आलात त्या पुढच्या दोन. तुम्ही यायच्या आधी तिथे कोणी कमी नव्हतं. आता त्या खानावळीत रोज एकोणतीस माणसं कमी असतात.

तीस नाही म्हटलं मी. एकोणतीस. हिशेब चुकलेला नाही. एकोणतीस जणांचं मला काही वाटत नाही, ते इथेच आहेत आणि पुढच्या दुसऱ्या शनिवारी भेटतील, टोपी न घालता अशी आशा आहे. मंगळवारी जाणार आहे ती एक. ती जी एक कमी होणार आहे ती खानावळीत नाही होणार, ती सगळीकडे होणार आहे. फोनवर. मंडळात. डॉक्टरकडे, जिथे तू माझ्या वतीने माझ्या तब्येतीबद्दल खोटं बोलतेस. माझ्या घरच्या त्या दुसऱ्या कपात, ज्याचा कान तू फोडलास आणि मी बदलला नाही.

माफ करा. मी "तू" म्हणाले. व्यासपीठाचा मान ठेवून "आपण" म्हणायचं ठरवलं होतं. आता जे झालं ते झालं, तसंच राहू दे.

घाई, रडू नकोस, पुष्पगुच्छ भिजतोय. मला माझी मागणी मांडू दे, मग रड.

मला माफी नको. मुरंबा नको, निदान आणखी नको, अजून अर्धी बरणी आहे. तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मला मान्य आहे, आणि त्याने माझ्या रविवारला काही फरक पडत नाही. मला नुकसान भरून हवं आहे, आणि ते फक्त तुझ्याकडूनच होण्यासारखं आहे. तू मंगळवारी जाणार. त्याआधी एक रविवार आहे. तो तुझ्या सुनेने सामान बांधायला राखून ठेवला असेल, तर तिला सांग की माझं नाव कात्री आहे.

त्या रविवारी तू धक्क्यावर यायचं. एकटीने. गाडीने नाही, भाड्याच्या बसने नाही, नदीकाठच्या साध्या बसने, शेवटच्या थांब्यापर्यंत. हातात काही आणायचं नाही. मालकिणीला काही समजावून सांगायचं नाही, "ही माझी बालमैत्रीण" वगैरे अजिबात नाही. बसायचं, मासा खायचा, नदी बघायची. बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर त्या नवऱ्यासारखी गप्प बस, कपाकडे तो बघून घेईल. आणि चार वाजले की माझ्याबरोबर उठायचं. माझ्याबरोबर चढ चढायचा. माझ्या शेजारच्या सीटवर बसून परत यायचं. मालकिणीने दारातून ते बघितलं पाहिजे. दोघी आल्या, दोघी गेल्या, एवढंच तिला दिसू दे. त्याच्या पुढच्या रविवारपासून मी पुन्हा एकटी जाईन आणि कोणी माझ्या मागे बघणार नाही. मला खिडकी परत मिळेल. तू नसशील, पण खिडकी मिळेल.

याचं उत्तर मला लेखी हवं आहे. मुदत येत्या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत, कारण मालकीण रविवारचा मासा शनिवारी सकाळी घेते आणि तिला आदल्या दिवशी आकडा कळवावा लागतो.

अध्यक्ष महोदय, आपण मला मध्ये थांबवलं नाहीत, याबद्दल आपले आभार. हिंमत झाली नसेल हे मला कळतं, तरीही आभार. ग्रंथपालसाहेबांचे आभार, त्यांच्या कपाटांचे आभार, आणि त्या कपाटांना टेकून इतका वेळ उभं राहणाऱ्यांचेही. बोलण्याच्या भरात कोणाला काही लागलं असेल, वय झालेल्या बाईची जीभ म्हणून सोडून द्या. ज्यांना लागायला हवं होतं आणि लागलं नाही, त्यांनी मला नंतर चहाच्या टेबलापाशी भेटावं. माझ्या बोलण्यात तारीख, वेळ, स्थळ सोडून काही चुकलं असेल तर ते माझं.

आणि घाई, उत्तर कागदावरच दे. खाली सही कर. फोन करशील तर मी उचलणार नाही. फोनवर तू बोलतेस आणि मग मी ठेवून देते. कागद माझ्याकडे राहील.